धाकटीचं अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघायचे दिवस आता राहिले नाहीत. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत वाटूरच्या आसपास हे सांगावं लागत नव्हतं. शाळेतला रोजचा सुविचार मी लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी तो पुसायला मुलं तयार नसायची. खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवला की फळ्यावर ठळक उमटतो आणि हात लागला तरी निघत नाही, ही युक्ती आजूबाजूच्या शाळांतल्या किती बाईंना मी शिकवली असेल. बक्षिसांच्या प्रमाणपत्रांवर नावं घालायला दुसऱ्या शाळांचे गठ्ठे माझ्याकडे यायचे. विहाराबाहेरच्या काळ्या फलकावर वंदनेची वेळ असो की वर्षावासातल्या ग्रंथवाचनाची सूचना, ती माझ्याच हातची. लग्नसराईत पाकिटांवर नावं टाकून घ्यायला बायका दुपारी येऊन बसायच्या. चहा माझा, पेनही माझंच. लोक पाकीट फोडायच्या आधी क्षणभर त्याच्याकडे बघतात, एवढं मला पुरे होतं.

हे अक्षर वडिलांनी घडवलं. माझं माहेर भोकरदनकडचं. वडील बोरूचं टोक तिरपं कापून द्यायचे, म्हणजे जाड-बारीक रेघ आपोआप येते, आणि जुन्या वर्तमानपत्रावर गिरवायला बसवायचे. आधी उभ्या रेघा, मग आडव्या, मग महिनाभर नुसता व. व जमला की ब आणि क मागोमाग येतात, असं त्यांचं म्हणणं. भावाला कंटाळा यायचा, मला कधी आला नाही. माझ्याकडे दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं, हेही खरं.

लग्नही अक्षरावर जमलं. मला बघायला आले तेव्हा पोहे झाले, प्रश्न झाले, आणि मग त्या वेळच्या रीतीप्रमाणे कोणीतरी कागद-पेन पुढे सरकवलं. मुलगी शिकलेली आहे असं नुसतंच सांगतात की खरंच लिहिता येतं, हे बघायला तिच्याकडून नाव-पत्ता लिहून घ्यायचे. मी लिहिलं. होणारे सासरे स्वतः शिक्षक. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "आम्हाला पसंत हाय." नवरा कोपऱ्यात बसला होता, त्याला कोणी विचारलंच नाही. त्याला मी पसंत होते का, हे मला अजून नक्की कळलेलं नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आल्या दिवसापासून डबे, याद्या, अर्ज, सगळं माझ्या हातून गेलं. मामांच्या पेन्शनचा अर्ज मी लिहिला. त्यांच्या गोळ्यांच्या डब्यांवर 'सकाळी', 'जेवल्यावर' हेही मीच लिहिलेलं. मामांना कोणाचं अक्षर सहसा आवडत नाही. ते वर्तमानपत्रातल्या मथळ्यांनाही नावं ठेवतात. पण माझ्या लिहिण्याला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. या घरात अक्षर म्हणजे मी, असं मी धरून चालले होते.

मग धाकटी आली. मी या घरात आले तेव्हा धाकटा दीर पाचवीत होता, त्याच्याकडून पाढे मीच घोकून घेतले. तो मोठा झाला, जालन्याला बँकेत लागला, रोज वाटूरहून ये-जा करू लागला, आणि त्याने संभाजीनगरची बायको केली. दोघांचं आधी फोनवरच ठरलेलं. कागद-पेन पुढे करायचा प्रश्नच आला नाही, आणि केलं असतं तर ती हसली असती. तिचं शिक्षण कमर्शियल आर्टचं. ती आली तेव्हा मी तिला मनापासून जवळ केलं. पोरीच्या वेळी तिच्या बाळंतपणानंतर चाळीस दिवस तिचं डोकं मी धुतलं. पुढे जे सांगणार आहे ते डोकं धुणाऱ्या त्याच बाईने, म्हणजे मीच, केलं.

मधल्या खोलीत ती खाली मांडी घालून बसायची आणि ब्रश-पेनाने कागदच्या कागद भरायची. एका कागदावर नुसता ग, एकावर नुसता ळ. मला वाटलं, पोरगी अक्षर सुधारते आहे, बरंच आहे. मधूनच विचारायची, "ताई, हा ज्ञ बघा ना, कसा वाटतोय?" मी सांगायचे, पोट जरा सुटलंय. ती परत काढायची. अशी दोन-तीन अक्षरं माझ्या सांगण्यावरून सुधारली, हे मी मनात पक्कं धरून ठेवलेलं आहे. मग तिने त्या कागदांचे फोटो घेतले आणि लॅपटॉपवर एकेका अक्षराच्या कडेकडेने ठिपके देत बसली. अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, रफार वेगळे. वर्षभर तेच चाललं. शेवटी त्याचा एक फॉन्ट झाला. म्हणजे आता कोणीही गडी कीबोर्ड बडवणार आणि कागदावर धाकटीचं अक्षर उमटणार. तो गडी दाढी खाजवत असला तरी.

आधी जालन्यातल्या एका पत्रिकावाल्याने तो घेतला. मग परतूरच्या. मग कोणाकडून कोणाकडे गेला, देव जाणे. एका लग्नसराईत निम्म्या जिल्ह्याच्या पत्रिका तिच्या हातच्या झाल्यासारख्या मला वाटल्या. पाकिटांवर नावं घालून घ्यायला येणाऱ्या बायका कमी झाल्या, कारण नावंही आता छापूनच यायला लागली. कपाटात पेनं वाळून गेली.

ते अक्षर कसं आहे हे मी सांगू शकते, कारण जळणाऱ्या माणसाइतकं बारीक दुसरं कोणी बघत नाही. ते किंचित उजवीकडे कललेलं आहे. शिरोरेषा सलग नाही. प्रत्येक अक्षराची रेघ आपापली, सुरुवातीला भरलेली आणि शेवटी निमुळती होत पुढच्या अक्षराला जेमतेम टेकणारी. काने सरळ उतरतात आणि तळाशी जरासे वळतात. पहिली वेलांटी अक्षराच्या डोक्यावरून पुढे जाते, ती जरा लांबच जाते, पण त्यातच त्याची सगळी ऐट आहे. उकाराची शेपटी ओळीखाली चांगली उतरते आणि तरी खालच्या ओळीतल्या मात्रेला लागत नाही. हे जमवणं सोपं नसतं, मला माहीत आहे. एखाद्याने सवडीने, मन लावून पत्र लिहावं तसं ते दिसतं. दोन माणसांची नावं त्यात शेजारी शेजारी आली की त्यांचं आपसात बरं चाललं असेल असं वाटतं.

मी त्यात खोट शोधत होते. छापील अक्षराची एक खोड असते, पहिला र जसा तसाच दुसरा र. माणसाच्या हाताकडून असं होत नाही. म्हणून एका दुपारी मामांचं भिंग घेऊन मी एका पत्रिकेवर 'परिवार' हा शब्द तपासायला बसले. दोन्ही र वेगळे निघाले. धाकटी मागून आली आणि मोठ्या हौसेने सांगू लागली, की तिने र चे तीन नमुने करून ठेवलेत, जवळजवळ आले की कॉम्प्युटर आपणच दुसरा उचलतो. मी म्हटलं, "छान हाय." अंगाचा तिळपापड झाला होता, पण तोंडातून छानच निघालं.

एक समाधान मात्र मला मिळालं. तिने फॉन्ट देताना प्रत्येकाला बजावलं होतं की हे नावांना वापरा, मथळ्याला वापरा, फार तर दोन ओळींच्या आमंत्रणाला वापरा. पत्ता, वेळ, फोन नंबर साध्या अक्षरातच छापा, आणि बारीक आकारात तर वापरूच नका, वेलांट्या एकमेकींत अडकतात. तिचं बरोबर होतं. असं अक्षर हे सणाचं लुगडं आहे, ते नेसून कोणी शेण काढायला जात नाही. पण ऐकतंय कोण. वाटूर फाट्यावर एका खानावळीने 'येथे गावरान मटण मिळेल' अशी पाटी लावली, नवरीच्या नावाइतकी नटलेली. त्याच्या शेजारी बोअरवेलवाल्याचा बोर्ड, त्याच अक्षरात. पुढे भिंतीवर एक बाण आणि 'मुतारी'. बसमधून तो बाण पहिल्यांदा बघितला त्या दिवशी मला दोन भाकरी जास्त गेल्या.

घरी येऊन मी तिला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग मलाच कसंतरी झालं आणि मी म्हटलं, जाऊ दे, लोकांना काय कळतं. पोटात एक आणि ओठात एक, असे माझे ते दिवस होते.

फाट्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या एक मावशी आहेत. मी शाळेला जाताना तिथेच बसची वाट बघते. एकदा त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचं अक्षर आता छापून येऊन राह्यलंय. माझ्या भाच्याच्या पत्रिकेवर बघितलं मी. बघितल्या बराबर वळखलं."

आता त्यात मावशींची चूक नव्हती. वीस वर्षं वाटूरमध्ये सुरेख अक्षर म्हणजे मॅडमचं, हाच हिशेब होता. मी नुसती हसले. हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. बस यायला अजून पाच-सात मिनिटं होती, ते माझं नाही एवढं सांगायला चिकार वेळ होता. मी चहा पीत राहिले. चहाही त्या दिवशी गोड लागला. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, ते काही खोटं नाही.

मावशींच्या टपरीवर अख्खा फाटा चहा पितो, त्यामुळे पुढचं आपोआप झालं. शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, कळवलं नाहीत तुम्ही आम्हाला. मी म्हटलं, त्यात काय कळवायचं. कोणालाही मी सरळ खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला तेव्हा सांगत होते.

गेल्या वर्षी मामांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. त्यांचे जुने विद्यार्थी आणि विहाराची मंडळी यांनी मिळून सत्कार ठरवला. सत्कारात मानपत्र असतं. ते मंचावर वाचून दाखवतात, मग फ्रेम करून देतात, आणि ती फ्रेम समोरच्या खोलीत कायमची लागते. शाल फाटते, नारळ फुटतो, मानपत्र राहतं. मामांची खुर्ची ज्या भिंतीसमोर आहे तीच भिंत त्यासाठी रिकामी करायची, हे घरात ठरलं. म्हणजे इथून पुढे मामा रोज डोळे उघडून जे अक्षर बघणार, ते या फ्रेमीतलं. ते माझंच असणार याबद्दल मला शंका नव्हती. मी जालन्याहून जाड, सायीच्या रंगाचा कागद आणला, नवी शाई आणली आणि तीन कच्चे नमुने लिहून ठेवले.

रविवारी विहाराच्या मंडळाची तीन माणसं आली आणि त्यांनी धाकटीला बाहेर बोलावलं.

"मॅडम," त्यातले एकजण मला म्हणाले, "मजकूर तुम्ही लिहा. तुमची भाषा एकदम बराबर. अक्षर मात्र सूनबाईच्या कॉम्प्युटरचं घेऊ. स्टेजमागं मोठा फ्लेक्स लावायचाय, अन् शंभर प्रती वाटायच्यात. हातानं कुठं व्हायचं इतकं?"

त्यांचं म्हणणं बिलकुल बरोबर होतं, म्हणून तर राग आला. ते गेल्यावर धाकटी माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात आली.

"ताई, फ्रेमपुरतं तुम्ही हातानं लिहा ना. फ्लेक्स अन् प्रती माझ्या करू. मामांना तुमचंच आवडंल."

"कशाला दोन-दोन? तुझंच होऊ दे," मी म्हटलं.

पुढे केलेलं ताट लाथाडायची माझी खोड जुनी आहे. तिने आणखी एकदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. तिने विचारलं नाही. कागद आणि तिन्ही नमुने मी ट्रंकेत घातले.

सत्कार विहारासमोरच्या पटांगणात झाला. मंचामागे बारा फुटी फ्लेक्स, त्यावर मामांचं नाव तिच्या अक्षरात. एवढ्या मोठ्या आकारात ते आणखीनच खुललं होतं, पहिली वेलांटी अगदी मामांच्या फोटोपर्यंत गेली होती. मजकूर वाचून झाला, तो बरा लिहिला होता मी, दोन-तीन बायकांनी डोळेही पुसले. मग सूत्रसंचालन करणारा मामांचा जुना विद्यार्थी माइकवर म्हणाला, "अन् हे जे मोत्यावाणी अक्षर तुम्ही सगळे बघून राह्यलात, ते आपल्या मॅडमचं, सरांच्या मोठ्या सूनबाईंचं हाय. जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

मी उठले. मला कोणी ढकललं नव्हतं. उठले, हात जोडले, डावीकडे बघून मान लववली, उजवीकडे बघून लववली. चांगल्या दणदणीत टाळ्या होत्या. दोन खुर्च्या सोडून धाकटी बसली होती, मांडीवर पोरगी आणि हातात मामांची शाल. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलं आणि शालीची घडी मोडून पुन्हा घालायला लागली. मंचावरून मामाही चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होते.

फ्रेम लागली. तीन दिवस गेले. धाकटीने चहा दिला, भाकरी वाढली, कामापुरतं बोलली. तिने भांडावं म्हणून मी दोनदा उगाच खरकट्या भांड्यांवरून कुरकुर केली. तिने भांडी घासून टाकली. समोरची खोली झाडताना मी त्या भिंतीकडे पाठ करून झाडायचे, आणि पाठ केली तरी ती फ्रेम मला दिसायची.

चौथ्या दिवशी शाळेतून आले तर मामा खुर्चीत बसलेले.

"इकडं ये. बस जरा. ते मानपत्र तू लिहिलंस का?"

"मजकूर मी लिहिला, मामा."

"मी अक्षराचं इचारून राह्यलो."

मी खांद्यावरची पर्स काढून मांडीवर घेतली.

"बावीस वर्षं तुझं अक्षर वाचून राह्यलो मी. गोळ्यांच्या डबीवर बी तेच हाय. मला काय सांगतीस?"

"मी न्हाई म्हणले कोणाला, की ते माझं हाय. लोकंच बोलले ते."

"अन् तू उठलीस," मामा म्हणाले.

मग त्यांनी वर्तमानपत्र उचललं. कॉपी करताना सापडलेल्या पोरांना ते असंच एवढंच बोलत असतील. मार दिला असता तर बरं झालं असतं, असं त्या पोरांना का वाटत असेल हे मला त्या दिवशी समजलं.

मी तशीच आत गेले. धाकटी मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले, एक जुडी ओढून घेतली आणि खाली मान घालून सगळं बोलून टाकलं. टपरीवरच्या मावशी, मुख्याध्यापक, टाळ्या. "तुझ्यावर जळत होते मी," हेही म्हटलं. हा शब्द मोठ्या जावेने धाकटीसमोर उच्चारायला किती जड जातो, ते ज्यांना जावा आहेत त्यांना विचारावं.

"माहितीय मला," ती म्हणाली. "तुम्ही भिंग घेऊन पत्रिका बघत होतात, तेव्हाच कळलं होतं."

"मंग तिथंच का बोलली न्हाईस? सगळ्यांसमोर?"

"मामांचा दिवस होता तो." तिने काड्या बाजूला सारल्या. "पण मला राग आलाय, ताई. अजून हाय. वर्षभर डोळे फोडलेत मी त्याच्यावर. पोरगी रडायची तरी मी उठायची न्हाई. अन् टाळ्या तुम्ही घेतल्या."

"आता काय करू सांग."

"तुम्हीच सांगा सगळ्यांना. मी सांगत फिरले तर लोक म्हणतील, मोठ्या जावेवर जळती."

तिचं म्हणणं रास्त होतं. मी साखरेच्या पाण्यात खडू टाकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराच्या फलकावर लिहिलं: 'सरांच्या मानपत्राचे व फ्लेक्सचे अक्षर त्यांच्या धाकट्या सूनबाईंनी तयार केलेले आहे. ते माझे नाही. गैरसमज होऊ दिला याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली 'मोठी सून' असं लिहिलं. लाजेने की काय कोण जाणे, पण हात असा काही चालला की तसा तो त्याआधी कधी चालला नसेल. कडेने वेल काढायचा मोह झाला, तो आवरला.

संध्याकाळपर्यंत निम्मं गाव फलकासमोरून गेलं. भेटेल तो म्हणायचा, "वा मॅडम, काय अक्षर हाय." कोणीतरी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, त्याखाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी टपरीवर मावशींनीही कौतुक केलं.

"मावशी, वाचलं का तुम्ही ते?"

"न्हाई बा. बघितलं."

मग मला तोंडानेच सांगत फिरावं लागलं. मावशींना सांगितलं, मुख्याध्यापकांना सांगितलं, सूत्रसंचालन करणाऱ्याला फोन केला, मंडळाच्या तिघांना खरं आधीच ठाऊक होतं, त्यांची घरी जाऊन माफी मागितली. पंधरा दिवस लागले. काहींना वाटलं मी मोठ्या मनाने जावेला श्रेय देते आहे. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, की मोठं-बिठं मन काही नाही, मी खोटं वागले. फलक कोणी वाचलाच नाही, हे धाकटीला सांगितलं तेव्हा ती हसली. सत्कारानंतर पहिल्यांदाच.

त्यानंतर आमचं पहिल्यासारखं सुरू झालं. पण मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. तो गेला नाही, फक्त आता दोघींना माहीत होता. नवीन लग्नाची पत्रिका आली की ती माझ्याकडे बघायची आणि मी पत्रिका वाचायच्या आधी खाली ठेवून द्यायचे. समोरच्या भिंतीवर तिचं अक्षर आहे, माझं ट्रंकेत आहे, हे काही बदललं नव्हतं.

या उन्हाळ्यात मामांचे एक जुने सोबती वारले. त्यांच्या जलदानविधीचं पत्र आलं. छापणाऱ्याने हाताला लागला तो तयार नमुना उचलला होता. वर ॐ, कोपऱ्यात समई आणि नावामागे 'कैलासवासी'. आमच्यात 'कालकथित' लिहितात, पण घरच्यांनी दुःखात ते बघितलं नसणार. मामांनी पत्र दोनदा वाचलं.

"मेल्यावर बी बिचाऱ्याला दुसऱ्याच्याच पंगतीत बसवलं," ते म्हणाले. मग मला हाक मारली. "वही घे. माझ्या पत्राचा मजकूर आताच करून ठिवू. तुम्ही लोक घाईत काय छापताल, भरवसा न्हाई."

मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. दुपार होती, धाकटी पोरीला घेऊन आत झोपली होती. मामा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. जलदानविधी व पुण्यानुमोदन. कालकथित, पुढे त्यांचं नाव. तारखेला जागा सोड. शोकाकुल वगैरे नको, नुसतं 'आपले' लिही. जेवणाची वेळ स्पष्ट लिही, लांबून येणाऱ्यांचे हाल होतात. मी माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात लिहीत होते, आणि लाज वाटते सांगायला, पण मनात येत होतं की मानपत्र तिला मिळालं, हे मला मिळालं. अशा वेळीही मला तेच सुचत होतं.

मामांनी वही घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"मजकूर बराबर हाय. हा कागद जपून ठिव," ते म्हणाले. "अन् छापायची येळ येईल तवा धाकटीच्या अक्षरात छापा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"का, मामा? मी लिहीन की. एक हातानं लिहून देईन, त्याच्याच प्रती काढतील. माझं काय वाईट हाय?"

"वाईट कोण म्हणतंय? तुझ्याइतकं चांगलं मी दुसरं बघितलं न्हाई. पण त्या दिवशी तुझा हात थरथरंल. अक्षर बिघडंल, अन् मंग तू जलमभर त्याच्यावरच रडत बसशील. कॉम्प्युटरच्या अक्षराला काय, ते थरथरत न्हाई."

मला रागच आला. इथेही तीच. जन्मभराचं लिहिणं माझं, आणि शेवटच्या कागदावर तिची वेलांटी.

"माझा हात न्हाई थरथरणार," मी म्हटलं. "बावीस वर्षांत कधी थरथरला का, तुम्हीच सांगा."

मामांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला.

"न्हाई थरथरला," ते म्हणाले, "तर मला वाईट वाटंल."

धाकटी उठल्यावर मी तो कागद तिच्या हातात दिला.